नळी भरत नाही तेव्हा

छोटे सुटे नग ढिगातून उचलायचे, सगळ्यांची तोंडे एका बाजूला करायची आणि एकामागे एक नळीत सोडायचे, हे काम बोटांना आणि डोळ्यांना लवकर थकवते. हे काम करणाऱ्या यंत्राला कारखान्यात बाऊल फीडर म्हणतात. एक गोल भांडे, त्याच्या आतल्या भिंतीला धरून गोल गोल वर चढणारी अरुंद वाट आणि भांड्याखाली थरथर निर्माण करणारा विद्युतचुंबक, एवढाच त्याचा संसार. भांडे तिरप्या पट्टी-स्प्रिंगांवर बसवलेले असते. त्यामुळे ते सरळ वरखाली न हलता किंचित वळत वर उठते आणि तसेच खाली येते. उठताना नग पुढे ढकलला जातो, उतरताना भांडे त्याच्या खालून निसटते. अशा असंख्य बारीक उड्यांनी नग वाटेने चढत जातो. डोळ्याला मात्र तो सरकत असल्यासारखा दिसतो. वाटेच्या शेवटी नळी असते. नळी भरली की ती काढून पुढच्या यंत्रावर लावायची.

शिरवळ, खेड शिवापूर, भोसरी, चाकण या पट्ट्यात जुळणीच्या ओळीवर वॉशर, रिव्हेट, छोट्या स्प्रिंगा, पत्र्याच्या टोप्या अशा नगांसाठी हे यंत्र दिसते. काडतुसाच्या बुडात बसणारी, ठोक्याने पेटणारी टोपी, म्हणजे प्रायमर, नळीत भरणारे स्वयंचलित यंत्रही याच तत्त्वावर चालते. अमेरिकेत नेमबाज वापरलेली काडतुसे घरच्या घरी पुन्हा भरतात. तिथे असे यंत्र टेबलावर मावेल एवढ्या आकारात मिळते आणि शंभर टोप्यांची नळी काही मिनिटांत भरते. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही धरली आहेत. त्यामुळे हे काम परवानाधारक आणि सरकारी कारखान्यांच्या भिंतीआड चालते. महाराष्ट्रात या कामाचा इतिहास जुना आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९पासूनचा, जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना १९६४चा. १ ऑक्टोबर २०२१पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया या कंपनीखाली आले आणि त्या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे.

भोर तालुक्यातल्या आंबवड्यासारख्या गावांतून पहिल्या पाळीला निघणारी मुले भोरमार्गे शिरवळ किंवा खेड शिवापूर गाठतात. आयटीआय करून आलेल्या नव्या मुलाच्या हाती बाऊल फीडर फार लवकर येतो, कारण यंत्र लहान असते, धोक्याचे वाटत नाही आणि त्याला एकच ठळक बटण असते. वेग कमी-जास्त करणारे ते गोल बटण हीच शिकणाऱ्याची पहिली अडचण. नळी भरायची थांबली की हात आपोआप त्या बटणाकडे जातो. वेग वाढवला की अडकलेला नग बहुतेक वेळा सुटतोही, आणि काम झाल्यासारखे वाटते. तासाभरात पुन्हा तेच. बटण आणखी पुढे. पाळी संपेपर्यंत नग उड्या मारत भांड्याबाहेर पडू लागतात आणि पुढच्या पाळीच्या माणसाला नेमके काय बिघडले होते याचा मागमूस राहत नाही. जुने सेटर, म्हणजे यंत्र लावून देणारे कारागीर, म्हणूनच बटणाला शेवटी हात लावतात. वेग वाढवल्याने दोष झाकला जातो, हे त्यांना अनुभवाने माहीत असते. बटण पहिल्या दिवशी ज्या खुणेवर होते तिथेच ठेवून बाकी सगळे तपासायचे, ही या कामातली खरी शिस्त आहे.

तपासणी नगापासून सुरू होते, यंत्रापासून नाही. काल चाललेले यंत्र आज अडले असेल आणि मधे कोणी पाना लावला नसेल, तर बदललेली वस्तू बहुधा नगच असते. नवा लॉट आलेला असतो. डाय झिजल्याने कडेला बर, म्हणजे धातूची खरबरीत किनार, राहिलेली असते. प्रेसचे तेल नीट धुतलेले नसते. नगांना तेलाचा पातळ थर असला की ते वाटेला चिकटून जागच्या जागी थरथरतात, पुढे सरकत नाहीत. भोरच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणाही तेच करतो. गोदामातून थेट आणलेली पिशवी ओतली की सकाळची पहिली नळी भरता भरत नाही, आणि तीच पिशवी दोन तास शेडमध्ये ठेवून ओतली तर काही तक्रार राहत नाही. हिवाळ्यात उलटा प्रकार. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या भांड्यावर स्थिर वीज साठते आणि हलके नग भिंतीला धरून बसतात. मूठभर नग कागदावर पसरून भिंगाखाली पाहिले, दहा-वीस नगांचा व्यास आणि उंची मापली, तर अर्ध्याहून अधिक तक्रारींचे उत्तर तिथेच मिळते. या पाच मिनिटांचा कंटाळा केला की पुढचे दोन तास स्प्रिंगा सोडण्यात जातात.

नगाबरोबरच भांड्यात नग किती आहेत ते पाहायचे. घाईत पूर्ण पिशवी ओतायची सवय सगळीकडे आहे. भांडे तिसऱ्या हिश्शाच्या वर भरले की ढिगाच्या वजनाने थरथर मंदावते आणि वाटेच्या तोंडाशी नग एकमेकांवर चढतात. पाळीच्या सुरुवातीला मंद आणि शेवटी फार वेगात चालणारे यंत्र बहुतेक वेळा बिघडलेले नसते. ते फक्त आधी ओसंडलेले आणि मग रिकामे झालेले असते.

त्यानंतर बैठक. थरथर भांड्यापर्यंत पोहोचायची तर खालचे टेबल स्थिर हवे. पातळ पत्र्याच्या टेबलावर यंत्र ठेवले की टेबलच हलू लागते आणि तेवढी शक्ती वाया जाते. टेबलावर तळहात ठेवला की हे लगेच कळते. हाताला झिणझिण्या आल्या तर दोष यंत्राच्या खाली आहे. रबराचे चार पाय सारखे टेकलेले असावेत, स्पिरिट लेव्हलने भांडे सपाट असल्याची खात्री करावी. भांडे एका बाजूला कलले असेल तर उतरत्या भागात नग पळतात, चढत्या भागात रांग लागते. भांडे धरून ठेवणारा मधला बोल्ट सैल झाला असेल तर आवाज बदलतो. एकसारखी घुमणारी घरघर जाऊन तिच्यात खडखड मिसळते. अनुभवी माणूस दारातून आत येतानाच ही खडखड ओळखतो.

वाटेवरची तपासणी हा या कामाचा सर्वांत बारीक भाग. नग एकाच तोंडाने नळीत जावा म्हणून वाटेत ठिकठिकाणी अडथळे केलेले असतात. उंचीच्या पट्टीखालून एकच थर जातो, वर चढलेला नग खाली ढकलला जातो. पुढे वाट अरुंद होते, तिथे शेजारी शेजारी चालणाऱ्या दोनांपैकी एक खाली पडतो. त्यानंतर उलट्या-सुलट्याची निवड. टोपीसारख्या नगाची बुडाकडची कड गोलसर असते आणि तोंडाकडची कड धारदार. कलत्या वाटेवर फारच अरुंद ओठ ठेवला की धारदार कडेवर टेकलेला नग उभा राहतो, गोलसर कडेवर टेकलेला घसरून परत ढिगात जातो. हा ओठ मिलिमीटरच्या छोट्या अंशाने झिजला, त्यावर धूळ जमली किंवा कोणी साफ करताना त्याला पॉलिश पेपर मारला, की उलटे नग पुढे जाऊ लागतात. म्हणून ओठाला पॉलिश पेपर लावायचा नाही, हे नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवावे लागते. साफसफाई मऊ कापडाने आणि निवडीच्या जागी फुंकरीने. काही यंत्रांत उलटा नग हवेच्या झोताने उडवतात. तिथे हवेचा दाब बदलला की सुलटेही उडतात. शेजारचे मशीन सुरू झाले की दाब पडतो आणि ते बंद झाले की वाढतो, त्यामुळे दोष येतो-जातो आणि दिवसभर सापडत नाही. अशा वेळी रेग्युलेटरच्या काट्याकडे बघत उभे राहणे हाच उपाय.

स्प्रिंगांचा भाग समजायला आंबवड्याच्या माणसाला पुस्तकाची गरज नाही. नागेश्वराच्या देवळाकडे जाणारा, भोर संस्थानच्या काळात बांधलेला झुलता पूल त्याने लहानपणापासून ओलांडलेला असतो. पुलाच्या हेलकाव्याच्या तालात पाऊल पडले की थोड्या जोरात पूल खूप हलतो, ताल चुकला की कितीही जोराने चालले तरी तो फारसा हलत नाही. बाऊल फीडरची सगळी कमाई या तालावर आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. साध्या यंत्रात चुंबक प्रत्येक आवर्तनात दोनदा ओढतो, म्हणजे सेकंदाला १०० धक्के. वाटेत डायोड घातला की अर्धे आवर्तन गळते आणि धक्के ५० होतात. भांडे आणि स्प्रिंगा यांचा स्वतःचा ताल या आकड्याच्या जवळ, पण त्याहून किंचित वर ठेवतात. भांड्यात नग पडले की वजन वाढून ताल थोडा खाली येतो, म्हणजे चुंबकाच्या तालाशी आणखी जुळतो. त्यामुळे भार आल्यावर यंत्र दबत नाही.

स्प्रिंगेची एखादी पट्टी तडकली की हा ताल बिघडतो. तडा बहुधा बोल्टाच्या कडेशी, क्लॅम्पच्या आत असतो आणि वरून दिसत नाही. पट्ट्या सोडून, पुसून, वाकवून पाहाव्या लागतात. पट्ट्यांमधल्या चकत्या हरवल्या किंवा जाडीला वेगळ्या बसल्या तरीही ताल बदलतो. ताल कोणत्या बाजूला गेला आहे हे ओळखण्याची जुनी युक्ती आहे. यंत्र चालू ठेवून एका स्प्रिंगेचा एक बोल्ट अगदी थोडा सैल करायचा. सैल करताच थरथर वाढली तर स्प्रिंगा गरजेपेक्षा कडक आहेत, एखादी पट्टी कमी करावी. थरथर लगेच पडली तर स्प्रिंगा मऊ आहेत, पट्टी वाढवावी. चाचणी संपली की बोल्ट पुन्हा पूर्ण कसायचा. ही चाचणी पत्र्याच्या आणि रबराच्या नगांसाठी आहे. ज्या भांड्यात स्फोटक नग जातात, तिथे ती भांडे पूर्ण रिकामे करूनच करतात.

चुंबक आणि त्याच्यासमोरची लोखंडी तबकडी यांच्यातली फट फिलर गेजने मापतात. फट यंत्र बनवणाऱ्याने सांगितली असेल तेवढीच ठेवायची. कमी झाली तर दोन्ही एकमेकांवर आपटतात आणि कर्कश खणखण होते. जास्त झाली तर ओढ कमी पडते, कॉइल जास्त विद्युतप्रवाह घेते आणि तापते. फट सगळीकडे सारखी आहे ना, हे चारही बाजूंनी पाहावे. एका बाजूने घट्ट, दुसऱ्या बाजूने सैल फट ही भांडे मधल्या बोल्टावर वाकडे बसल्याची खूण असते.

विजेबद्दल थोडक्यात. साध्या कंट्रोलरमध्ये येणारा दाब पडला की थरथरही पडते. संध्याकाळी गावात दिवे लागण्याच्या वेळेला छोट्या शेडमधले यंत्र मंदावते आणि रात्री उशिरा उगाच उड्या मारू लागते, त्याचे कारण हेच. नवे कंट्रोलर दाब आणि आवर्तने दोन्ही स्वतः सांभाळतात. ते परवडत नसतील तर निदान स्टॅबिलायझर लावावा.

भांडे सुरळीत असूनही नळी भरत नसेल तर दोष भांडे आणि नळी यांच्या सांध्यात असतो. भांडे हलते, नळी स्थिर असते. दोघांमध्ये अगदी थोडी फट ठेवावीच लागते. ती शून्य झाली तर भांडे नळीवर आपटते आणि दोन्ही झिजतात. मोठी झाली तर नगाची कड तिच्यात अडकते. नळीचे भोक भांड्याच्या तोंडाशी एका रेषेत नसेल तर नग कडेवर टेकतो आणि मागच्या सगळ्यांना थांबवतो. नळीच्या आतल्या मापाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. ज्या नगाची उंची व्यासापेक्षा कमी असते तो ढिल्या नळीत आडवा होऊ शकतो. काडतुसाची छोटी प्रायमर टोपी साधारण ४.४५ मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटरच्या आसपास उंचीची, म्हणजे नेमकी याच गटातली. मोठी ५.३३ मिलिमीटरची. छोट्या मापाच्या टोप्या मोठ्या मापाच्या नळीत गेल्या तर अडकणारच, आणि मोठ्या टोप्या छोट्या नळीत जाणारच नाहीत. दोन मापांच्या नळ्या आणि भांडी वेगवेगळ्या रंगांची ठेवणे ही साधी पण फार उपयोगाची सवय आहे.

इथपर्यंतचे सगळे वॉशर आणि टोपी दोघांना सारखेच लागू आहे. टोपीत मसाला भरला की पुढचे नियम वेगळे होतात. १८०७ साली स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथने ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले. १८६६च्या सुमारास इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सरने आणि अमेरिकेच्या हायरम बर्डनने काडतुसाच्या बुडातल्या टोपीच्या दोन पद्धती आणल्या. बॉक्सर पद्धतीत टोपीच्या आतच छोटी ऐरण असते, बर्डन पद्धतीत ती काडतुसाच्या बुडात असते. दोन्हींत मसाला मिलिग्रॅममध्ये मोजावा इतकाच, पण एका टोपीचा मसाला पेटला तर शेजारची टोपी वाट पाहत नाही. म्हणून कारखाना टोप्या शंभर-शंभरच्या ट्रेमध्ये, प्रत्येक टोपी वेगळ्या कप्प्यात ठेवून विकतो. नळी भरणारे यंत्र ही अंतरे काढून टाकते आणि शंभर टोप्या एकमेकींना टेकवून सुमारे ३० सेंटीमीटरची रांग उभी करते. या यंत्राचा सगळा धोका त्या रांगेत आहे. नळीभोवती जाड पोलादी आवरण असते आणि वरचे टोक मोकळे ठेवतात, ते एवढ्यासाठीच. ते आवरण अडचणीचे वाटले म्हणून काढून ठेवणारा माणूस यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग काढून ठेवत असतो.

रिव्हेटची नळी अडली तर फिटर तार घालून ढकलतो. टोपीची नळी अडली तर तार, काडी, स्क्रूड्रायव्हर काहीही आत जाता कामा नये. टोपी पेटायला लागतो तो ठोकाच, आणि अडकलेल्या तिरप्या टोपीवर वरून दिलेला दाब ठोक्याहून फार वेगळा नसतो. आधी यंत्राची वीज प्लगपाशी तोडायची. भांड्यातल्या टोप्या मूळ ट्रेमध्ये परत लावायच्या, वाटीत किंवा खिशात ढीग करायचा नाही. नळी काढून, तिचे तोंड माणसांपासून दूर वळवून, तिरपी करून टोप्या आपल्या वजनाने उतरतात का पाहायचे. उतरल्या नाहीत तर ती नळी बाजूला ठेवून, बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे निकाली काढायची. पन्नास टोप्या वाचवण्यासाठी बोटे आणि डोळा पणाला लावण्यात काहीच शहाणपण नाही. डोळ्यांवर चष्मा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, नळी पालथी करतानाही.

जिवंत टोप्यांच्या यंत्रात स्वच्छतेचा अर्थही बदलतो. थरथरताना टोप्यांमधून मसाल्याची बारीक पूड झडते आणि भांड्याच्या तळाशी, वाटेच्या कोपऱ्यात, नळीच्या आत राखाडी थरासारखी बसते. ती साधी धूळ नव्हे. कोरड्या ब्रशने घासणे, हवेच्या झोताने उडवणे, व्हॅक्यूमने ओढणे, तिन्ही चूक. ओलसर कापडाने पुसून, भांडे पूर्ण वाळेपर्यंत थांबायचे. वॉशरच्या यंत्रात साठलेली धूळ वेग कमी करते, टोपीच्या यंत्रात साठलेली पूड नळीतल्या रांगेला पेटण्याचे आणखी एक कारण देते. भांडे आणि टेबल जमिनीशी जोडलेले असावे, कारण हिवाळ्यातली स्थिर विजेची ठिणगी इथे फक्त नग चिकटवून थांबत नाही. एका वेळी एकच ट्रे भांड्यात, बाकीचे ट्रे हाताच्या टप्प्याबाहेर.

बटणाचा नियम इथे आणखी कडक होतो. टोप्या अडल्या म्हणून वेग वाढवला की त्या एकमेकींवर आणि भांड्याच्या भिंतीवर जोरात आपटतात आणि जास्त पूड झडते. म्हणून टोपीचे यंत्र नेहमी जेमतेम चालेल इतक्याच वेगाला ठेवतात. शंभर टोप्यांना दोन मिनिटांऐवजी चार लागली तरी चालते.

दुरुस्तीनंतर यंत्र पुन्हा सुरू करण्याचीही रीत आहे. पहिली नळी मसाला नसलेल्या रिकाम्या टोप्यांची किंवा तशाच मापाच्या नमुना नगांची. ती भरली की उजेडात धरून, उलटा नग आहे का हे एकेक करून पाहायचे. सारख्या दिशेच्या रांगेत एकच उलटा नग ओठावरचा दोष दाखवतो. नगांची संख्या नळीवरच्या खुणेशी जुळली नाही, तर कुठेतरी आडवा झालेला नग जागा खाऊन बसला आहे. दुसरी नळीही तशीच तपासायची, कारण पहिल्या नळीत भांडे थंड आणि स्वच्छ असते, खरा दोष दुसरीत दिसतो. दोन्ही बरोबर भरल्या तर बटण ज्या खुणेवर आहे ती खूण, फटीचे माप, स्प्रिंगेतल्या पट्ट्यांची संख्या आणि त्या दिवशीच्या लॉटचा क्रमांक वहीत लिहून पाळी पुढच्या माणसाकडे द्यायची.